तिसऱ्या मजल्यावरची माफी

"ज्यानं एकदा बंदूक उचलली, त्याला माफ करणारा समाज थेट रसातळाला जातो," तुळजाजींनी निकाल दिला आणि त्यांचं बिस्कीट कॉफीत बुडालं. समोर त्यांच्याच गच्चीवरच्या खोलीतला भाडेकरू पिशवी घेऊन उभा होता. लंकेतल्या बंडखोरांची साथ सोडून तो मद्रासला पळून आला होता. जुने साथीदार त्याच्या जिवावर उठून वेस्ट मांबलमची ही सगळी वस्ती पालथी घालत होते. "सार, तिकडचं सरकार माफी जाहीर करणार म्हणतात. तोवर राहू द्या." "आमच्या तत्त्वात बसत नाही. आजच नीघ." इतक्यात आतून त्यांच्या पत्नी राजसबाई म्हणाल्या, "अहो, पाण्याची लॉरी आली. हा गेल्यावर तीन मजले घागरी आता तुम्हीच चढवणार ना?" तुळजाजींनी घागरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. "तथापि," ते खाकरले, "खऱ्या पश्चात्तापाला पावसाळ्यापर्यंत मुदत द्यावी." भाडेकरूनं घागर उचलली. "आणि ठेवताना आपटू नकोस. दुपारी आम्ही झोपतो."