चाओ आणि अक्कलदाढ

चिमटा दिसताच प्राध्यापकांनी तोंड मिटलं. इंजेक्शन घेताना सारा दवाखाना डोक्यावर घेतलेला माणूस आता दातखीळ बसल्यासारखा गप्प. किडलेल्या अक्कलदाढेनं गाल टम्म फुगला होता, झोप उडाली होती, पण आ करायचं नाव नाही.

"सर, इंजेक्शनचा असर गेला तर पुन्हा टोचावं लागेल," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाली.

प्राध्यापकांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

"त्यांना विचारा, 'चाओ' हा इटालियन नमस्काराचा शब्द कुठून आला," कोपऱ्यातल्या स्टुलावरून त्यांची बायको म्हणाली.

"कुठून आला, सर?"

हा प्रश्न प्राध्यापकांना आजवर कुणीही आपणहून विचारला नव्हता. त्यांना राहवेना.

"व्हेनिसहून! तिथले लोक म्हणायचे, मी आपला दास. त्यातला 'दास', म्हणजे त्यांच्या बोलीतला 'स्चाव', तेवढा राहिला आणि झिजून झिजून चाओ झाला. इटालियन माणूस येतानाही चाओ म्हणतो, जातानाही. जर्मन मात्र..."

"कसं म्हणतात? जरा मोठ्यानं म्हणा ना," डॉक्टर म्हणाली.

"चाऽऽऽ"

'ओ' येईपर्यंत दाढ ट्रेमध्ये पडली होती. डॉक्टरनं कापसाचा बोळा बसवला. "आता घट्ट दाबून धरा. तासभर एक अक्षर बोलायचं नाही."

हात धुता धुता ती म्हणाली, "जर्मनांचं राहिलंच की." तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. प्राध्यापकांनी असहायपणे बोळ्याकडे बोट दाखवलं.

"जर्मन बहुतेक जातानाच म्हणतात," बायको म्हणाली. "स्पॅनिशमध्येही निरोप घेतानाच. चेक लोकांचं मात्र इटलीसारखं, येता-जाता दोन्ही वेळा."

प्राध्यापक बघतच राहिले. इतकी वर्षं जेवताना आपण भिंतीशी बोलतोय, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांना एकदम भरून आलं.

"आणि हे सगळं सुरू झालं रोममध्ये," बायको म्हणाली.

"रोम? सर तर व्हेनिस म्हणाले, काकू."

"ते घाईत होते."

प्राध्यापक खुर्चीतून अर्धे उठले. हात हवेत, डोळे बाहेर. बोळ्यामागून असा काही आवाज निघाला, की बाहेर बसलेल्या पेशंटनं चपला घातल्या आणि घरचा रस्ता धरला.

"अगं बाई! असर उतरला वाटतं," डॉक्टर घाबरली.

"छे हो." बायकोनं स्टूल पुढे ओढलं आणि नवऱ्याच्या खांद्यावर मायेनं थोपटलं. "तुम्ही बोळा नीट दाबून धरा हं. तर डॉक्टर, रोममध्ये झालं असं की..."