उतारावरची कात्री

डोंगरावरच्या झुडपांची मोजणी जोडीने करतात. एकाने लोखंडी चौकट टाकून आत हिरवं किती ते लिहायचं, दुसऱ्याने नवा पाला वजनासाठी कापायचा. बारा वर्षं तो चौकट टाकायचा आणि कात्री त्याच्या बायकोकडे असायची. ती वारल्यापासून तो एकटाच यायचा, तिची कात्री कमरेला लावून.

दुपारी समोरच्या उतारावरून कात्री वाजली. दोनदा कच, जरा थांबून एकदा. असं फक्त तीच कापायची.

तिकडे तिचा जुना सहकारी वहीत लिहीत होता. सहकारी तिला हसवायचा, म्हणून हा तेव्हाही त्याच्यावर जळायचा.

त्याने सहकाऱ्याजवळ जाऊन विचारलं, "कोण आहे रे तुझ्याबरोबर?"

"कोण असणार? एकटा जीव सदाशिव!"

पण सहकाऱ्याच्या पायाशी पाल्याची भरलेली पिशवी होती. पिशवीला बायको मारायची तशीच दुहेरी गाठ होती.

मेल्यावरही याच्याचकडे? त्याच्या अंगाची लाही लाही झाली.

"तुझा उतार मला दे. माझा सोपा आहे."

"घे की! माझे गुडघे तुला दुवा देतील."

तो सहकाऱ्याच्या जागी बसला. चौकट टाकली, कान टवकारले. तासभर काहीच वाजलं नाही.

मग त्याने सहकाऱ्याला दिलेल्या उतारावरून आवाज आला. दोनदा कच, जरा थांबून एकदा.