ऐकू येईल असा हेडसेट

"डोळे मिटायचे," विक्रेता लिंडरोट म्हणाला. "किंमत दिसली की कान फसतात, गुनवोरबाई."

"माझे कान आजवर कुणी फसवलेले नाहीत. घाला."

खाली आरा गरजत होता. गुनवोरबाई मुद्दाम यंत्रचालकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. मागच्या हिवाळ्यात या खुर्चीत त्यांचा मुलगा तूरे होता आणि त्यांचे यजमान आल्गोत अडकलेला ओंडका सोडवायला साल सोलणाऱ्या यंत्रात उतरले होते. आरागिरणीचा नियम जुना होता: आतल्याने फोनवर सांगायचे, चालकाने हेडसेटमध्ये ऐकून तेच शब्द परत म्हणायचे आणि मगच कळीला हात लावायचा. तूरेने चौकशीत सांगितले, गोंगाटात नुसती खरखर ऐकू आली. बाबा बाहेर आले असे वाटले, म्हणून यंत्र सुरू केले. सर्वांनी ते मान्य केले.

त्या वेळचा हेडसेट गुनवोरबाईंनीच निवडला होता. आल्गोत गेल्यापासून त्यांनी मुलाला एका शब्दानेही दुखावले नव्हते. दोष आपला, हे त्यांनी स्वतःशी कबूल केले होते. आज दुपारी गिरणी तूरेच्या नावावर व्हायची होती. त्याआधी या खुर्चीला शब्द न् शब्द पोचवणारा हेडसेट मिळालाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

"आई, कशाला हा खेळ? कुठलाही घे," तूरे कुरकुरला होता.

"खाली जा. बाबा होते तिथून बोल."

"काय बोलू?"

"त्यांनी जे सांगितलं असेल, ते."

तूरे टोपी ओढून खाली गेला होता.

लिंडरोटने मागून पहिला हेडसेट चढवला. डब्यात कोंडलेल्या माश्यांसारखी गुणगुण ऐकू आली.

"हा तुमच्या सासूबाईंना द्या," गुनवोरबाई म्हणाल्या.

"त्या परत करतील, बाई."

दुसरा निम्मे शब्द गिळत होता. तिसऱ्यात तूरे तळ्याच्या पलीकडून हाका मारत असल्यासारखा वाटला.

लिंडरोटने आणखी एक चढवला. आऱ्याची गर्जना मागे हटली आणि तूरेचा आवाज अगदी कानाशी आला. तो हुबेहूब आल्गोतचा वाटत होता.

"थांब. मी अजून आत आहे. सुरू करू नकोस."

गुनवोरबाईंनी नियमाप्रमाणे ते शब्द परत म्हटले.

"हाच," त्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या. "हा असता, तर माझा माणूस आज कॉफीला घरी आला असता. बांधून द्या."

लिंडरोट अवघडून खाकरला.

"हा मी विकू कसा, बाई? तुलनेसाठी इथल्याच खुंटीवरून घेतला. तुमचा जुनाच आहे हा."