गच्चीचं कुलूप

थोरली जाऊ जाळीखाली वाकली आणि तिथंच थबकली. काकडीच्या वेलाखाली पिवळ्या पाकळ्या पडल्या होत्या. आपोआप गळलेल्या नव्हेत. कुणीतरी सोलून टाकलेल्या. वेलावरची फुलंही कालच्यापेक्षा कमी दिसत होती.

पाखरांचं हे काम नव्हतं. वेलाला पहिलं फूल दिसलं त्याच दिवशी तिनं त्याच्याभोवती बारीक जाळीचा तंबू ठोकला होता. मग कोण? गच्चीवर येणारं दुसरं माणूस एकच होतं, वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ. चुली वेगळ्या झाल्यापासून दोघींचं बोलणं ‘पाणी आलं का’ यापुढे जात नव्हतं.

थोरलीचा स्वभावच तसा. दुकानातून तोलून आणलेली साखरही ती घरी हातात धरून पुन्हा तोलायची. पण आताची गोष्ट साखरेची नव्हती. मोठ्या आजारातून उठलेल्या तिच्या नवऱ्याच्या तोंडाची चव पार गेली होती. ताट समोर आलं की तो मान फिरवायचा. एकच गोष्ट त्याच्या घशाखाली उतरायची, आणि तिच्यासोबत दोन घासही. ती म्हणजे फ्रीजमधलं गारेगार काकडीचं लोणचं.

ते ती रोज निगुतीनं करायची. कोवळ्या काकडीच्या पातळ चकत्या. त्यांना मीठ लावून सुटलेलं पाणी निथळायचं. व्हिनेगरमध्ये साखर, मोहरी आणि मिरे घालून एक उकळी आणायची, निवू द्यायची आणि चकत्यांवर ओतायची. बरणी फ्रीजमध्ये गेली की दुसऱ्या दिवशी लोणचं तयार. बाजारची काकडी तिनं एकदा आणून पाहिली होती. नवऱ्यानं चकती चावली आणि बाजूला काढून ठेवली. म्हणाला, “कडू आहे. आपली नाही ही.”

आणि त्याच काकडीच्या फुलांवर कुणाचा तरी डोळा होता.

दुसऱ्या सकाळी धाकटी जिन्यात समोरच आली. तिच्या बोटांना पिवळी पूड लागली होती. थोरलीची नजर तिथं गेली तशी धाकटीनं बोटं पुसली.

थोरलीनं त्याच दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात अडकवली.

धाकटी खाली आली. “ताई, गच्चीची किल्ली देता का जरा? सकाळचीच लागते.”

“कपडे खालच्या दोरीवर वाळत घाल,” म्हणत थोरलीनं दार लावलं.

कुलपाचा गुण लगेच दिसला. वेल फुलांनी नुसता पिवळा झाला. एक पाकळी खाली नाही. थोरलीला वाटलं, बरी अद्दल घडली.

मात्र काकडी काही धरेना. करंगळीएवढी व्हायची, टोकाकडून पिवळी पडायची आणि गळून जायची. थोरलीनं मुळाशी माती उकरली, हुंगून पाहिली. कुलूप लागण्याआधी धाकटी काय ओतून गेली होती? गरम पाणी? साबण? फ्रीजमधल्या बरण्या एकेक करत रिकाम्या झाल्या. एका दुपारी नवऱ्यानं शेवटच्या बरणीच्या तळाशी चमचा फिरवला.

“संपलं?” त्यानं विचारलं आणि ताट सरकवलं.

थोरली तरातरा जिना चढली आणि धाकटीचं दार वाजवू लागली.

“कुलपातूनही हात पोचतो वाटतं तुझा! काय केलंस माझ्या वेलाला?”

“काही केलं नाही, ताई. करू कुठे दिलंत तुम्ही?”

“फुलं तूच तोडत होतीस ना? खरं सांग.”

“तोडत होते.”

थोरलीला असं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. तिचा आवाज चिरकला. “आजारी माणसाच्या तोंडचा घास तो! तुझे थोरले दीर आहेत गं ते!”

“म्हणूनच,” धाकटी म्हणाली. “उद्या सकाळी फुलं उमलली की वर चला. माझ्यादेखत कुलूप काढा, हवं तर हात धरून ठेवा माझा.”

सकाळी दोघी वर गेल्या. धाकटी जाळीखाली शिरली. तिनं बारीक देठाचं एक फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या सोलून टाकल्या. आत पिवळ्या पुडीनं माखलेला गोंडा होता. दुसऱ्या एका फुलामागं इवलीशी काकडी होती. धाकटीनं तो गोंडा त्या फुलाच्या पोटात हलकेच फिरवला, लहान मुलाला काजळ घालावं तसा.

“हे नर, ही मादी. एकाची पूड दुसऱ्याला लागली तरच काकडी धरते. एरवी मधमाश्या करतात हे. तुमच्या जाळीतून माशी कुठली शिरणार? माझे वडील जाळीच्या शेडमध्ये काकड्या लावायचे. तेही असंच हातानं करायचे.”

थोरली बघत राहिली. वेलावरची सगळी फुलं तशीच उघडी होती, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

“बोलली का नाहीस?”

“जिन्यात तोंड फिरवणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं, ताई?”

 थोरलीनं जाळीची एक कड धरली आणि बांबूवरून सोडवायला घेतली. गाठी तिनंच मारल्या होत्या, घट्ट. एक सुटली, दुसरी सुटेना. धाकटी पलीकडून हात लावायला आली.

“आणि मी आपली रोज फुलं मोजत बसले,” थोरली मान खाली घालून म्हणाली. “म्हटलं, एवढी फुलं नेते तरी कुठे ही?”

“तुमच्या फ्रीजमध्ये, ताई.”