युअर मॅन

“प्रिया, युअर मॅन इज ॲट द डोअर,” फोनमधून एका बाईचा आवाज आला आणि साहेबरावांच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं.

प्रिया ‘आलेच बाबा’ म्हणाली आणि मोबाइल ओट्यावर ठेवून निघून गेली. पडद्यावर आयर्लंडातल्या त्या स्वयंपाकघराची पांढरी भिंत तेवढी उरली. आवाज तिच्या घरात राहणाऱ्या मॉरीनचा, हे साहेबरावांनी ओळखलं. पण वाक्य? युअर म्हणजे तुझा, मॅन म्हणजे माणूस. तुझा माणूस दारात आलाय, असं बाई बाईला सांगते तेव्हा कोण आलेलं असतं, हे बदनापुरातलं शेंबडं पोरही सांगेल.

शेजारी त्यांच्या बायको गिरिजाबाई मेथी निवडत होत्या. काय म्हणाली ती, त्यांनी विचारलं. कोणीतरी आलंय, साहेबराव म्हणाले आणि पुढं बोलले नाहीत. उद्याच दोघं जालन्याला जाणार होते. प्रियासाठी पाहिलेल्या, स्टीलच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या मुलाच्या घरी होकार कळवायचा होता. प्रियाला विचारलं तेव्हा ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच बोलली होती. साहेबरावांनी तो होकार धरला होता.

प्रिया परतली. साहेबरावांनी चेहरा सरळ ठेवून विचारलं, की मॉरीन तुझा माणूस आला म्हणाली, तो कोण? प्रिया हसली. इकडं ‘युअर मॅन’ म्हणजे कोणीही, ती सांगू लागली. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो बाप्या. पोस्टमन असो, दुकानदार असो, नाहीतर टीव्हीवरचा मंत्री; सगळे युअर मॅन. तो आपला असायचं काही कारण नाही. आणि बाई असली तर ‘युअर वन’.

साहेबरावांचा जीव भांड्यात पडला. वर मौजही वाटली. उभी हयात त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. ‘युअर’ आलं की मालकी आली, असं पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. आणि इथं एका अख्ख्या देशानं शब्द ठेवला होता, मालकी काढून टाकली होती. जयभीम म्हणून त्यांनी फोन ठेवला तेव्हा ते स्वतःशीच हसत होते.

पण मास्तरांची खोड जात नाही. त्यांचा जुना विद्यार्थी गोरक्षनाथ ऑस्ट्रेलियात दुधाच्या मोठ्या फार्मवर होता. पुतण्या सूरज अमेरिकेत. साहेबरावांनी दोघांनाही विचारून पाहिलं, की तुमच्याकडं ‘युअर मॅन’ कशाला म्हणतात? गोरक्षनाथचं उत्तर लगेच आलं. इथं कोणत्याही माणसाला ‘ब्लोक’ म्हणतात सर, युअर मॅन म्हणजे ज्याचा त्याचा. सूरजनं लिहिलं, इकडं कोणीही म्हणजे ‘ड्यूड’, पण युअर मॅन म्हणजे नवरा नाहीतर होणारा नवरा. खाली विचारलं होतं, कोणाचं जमलं काका?

चहा समोर आला, तो तसाच निवत राहिला. माणसानं शंका घ्यावी तर कोणावर, दोन देशांवर की पोटच्या पोरीवर? शेवटी त्यांनीच पुन्हा फोन लावला. रागावायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सूरज म्हणतो, अमेरिकेत युअर मॅन म्हणजे नवरा नाहीतर होणारा नवरा, ऑस्ट्रेलियातही कोणालाही तसं म्हणत नाहीत, मग तुमच्याच तिकडं काहून, असं त्यांनी विचारलं.

प्रियानं आधी मागं वळून दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, “बाबा, मी खोटं न्हाई बोलले. इथं तसंच म्हणतात. पण सूरजदादाचा अर्थबी बराबर आहे.”

गिरिजाबाईंचे हात मेथीत थांबले. एवढं मराठी त्यांच्यासाठी पुरेसं होतं.

मग सगळं बाहेर आलं. त्याचं नाव डेक्लन. ती नोकरी करते त्याच दवाखान्यात ॲम्ब्युलन्स चालवतो. ती कित्येक महिने सांगायचं म्हणून राह्यली होती, दर रविवारी धीर सुटत होता. तुम्ही इतक्या हौसेनं जालन्याचं स्थळ आणल्तं, मंग माझी जीभच उचलली न्हाई, म्हणाली. बोलता बोलता रडली. तिच्या मागं एक उंच, लालसर चेहऱ्याचा माणूस येऊन उभा राहिला आणि अडखळत “जयभीम, सर” म्हणाला.

साहेबरावांनी उभी हयात शिकवलेलं सगळं इंग्रजी पळून गेलं. गिरिजाबाईंनी मात्र फोन स्वतःकडं वळवला, त्या माणसाकडं नीट पाहून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, “त्याला इचारा, इथं येतो का. फोनवर काय कळतंय? समोर बसून बोलू.”

साहेबरावांनी घसा खाकरला. फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं त्यांनी एकेक शब्द जुळवत विचारलं. आमच्या घरी येशील का? आमच्यासमोर बसशील का? आणि हेही सांगितलं, की आम्ही उद्या जालन्याला जाणारच आहोत, पण आता त्या लोकांची माफी मागायला. तेव्हा विचार करून सांग.

डेक्लन थोडं पुढं झुकला. “आय विल,” तो म्हणाला.

साहेबराव पुढच्या शब्दांची वाट पाहत राहिले. पुढं काहीच आलं नाही. पलीकडं प्रियानं धरून ठेवलेला श्वास सोडला, तो फोनमधून ऐकू आला. हे काय, एवढंच, त्यांनी तिला विचारलं.

“बाबा, इकडची माणसं ‘आय विल, येअ’, म्हणजे ‘करीन, हो’, असं म्हणाली की समजायचं, जन्मात करणार न्हाईत,” डोळे पुसत प्रिया म्हणाली. “हा नुसतं ‘आय विल’ म्हणाला.”