कणभर गहू

राखी पोळीभाजी केंद्रावरून आली ती हात धुऊन तशीच, पाणीही न पिता, आत गेली आणि तिने सासूबाईंची पिशवी पलंगावर उपडी केली. दोन लुगडी, चष्म्याचं घर, बामची बाटली आणि कागदात गुंडाळलेले दोन लाडू.

"हे काय आहे, आई?"

"राजगिऱ्याचे हायत," विमलाबाई म्हणाल्या. "पाकिटावरचं वाचून तूच दिले व्हते की."

राखीने तरी एक लाडू फोडला, हुंगून पाहिला. राजगिराच होता. बरं वाटायचं सोडून तिला आणखीच राग आला.

पाच वर्षांच्या पिंकीला गहू चालत नव्हता. पोटात गेला की पोट फुगायचं, जुलाब लागायचे, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. डॉक्टरांनी वर्षापूर्वी सांगितलं आणि राखीने घरातून गहू हद्दपार केला. पोळी गेली, रवा-मैदा गेला, शेवया गेल्या. मग कळलं की डबीतल्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं. हिंग गेला. पांढरीशुभ्र कुरडई तांदळाची वाटते, पण असते गव्हाच्या चिकाची. तीही गेली. गिरणीत आधी कुणाचा गहू दळला असेल सांगता येत नाही, म्हणून हट्टाने घरघंटी आणली. केंद्रावर ती रोज दोनशे पोळ्या लाटायची, पण तिथला तुकडा कधी घरी आणला नाही. हात तर कोपरापर्यंत साबणाने दोनदा धुवायची, नखं ब्रशने घासायची, तेव्हा कुठे लेकीला जवळ घ्यायची. याहून जास्त कुठली आई करणार?

आणि तरी कालच्या तपासणीत रक्तातला आकडा वाढलेला. वजन वर्षभर चौदा किलोवरच अडलेलं.

"रोज थोडाथोडा गहू पोटात जातोय तिच्या," डॉक्टर म्हणाले होते. "कणभर असला तरी पुरतो. कुठून जातोय ते शोधा, नाहीतर पुढच्या महिन्यात ॲडमिट करावं लागेल."

शोधायला राहिलं होतं कोण? नवरा नवनाथ सकाळीच कंपनीत जायचा. राखी सहा ते एक केंद्रावर. तेवढा वेळ घरात दोघीच, पिंकी आणि तिची आजी.

"खरं सांगा, आई. शेजारच्या शुभांगीकडून काही आणून देता का तिला?"

"नाय गं."

"एखादं बिस्किट? रडली म्हणून?"

"लेकराला इख घालीन का मी?" विमलाबाई म्हणाल्या. "वरीस झालं, म्या सुदिक पोळी खाल्ली नाय. तिच्या म्होरं बसून कशी खाऊ?"

"मग आकडा कसा वाढला?"

विमलाबाई फुटलेल्या लाडूचा चुरा कागदात गोळा करू लागल्या. राखीला तेच उत्तर वाटलं.

मोठे आवाज ऐकून पिंकी दारामागून आली आणि आईच्या मांडीवर चढून बसली. घाबरली की करायची तसं तिने पदराचं टोक तोंडात घेतलं आणि चोखू लागली. या सवयीवरून विमलाबाई तिला नेहमी चिडवायच्या. राखीने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. बोटांना बरगड्या लागल्या.

"तुम्ही महिनाभर गावी, सायखेड्याला जाऊन राहा, आई. सकाळी शुभांगी बघेल हिला. डबा मी भरून ठेवीन."

विमलाबाईंनी लुगडी परत पिशवीत भरली. "निमाणीच्या स्टँडवरून दोनची यष्टी मिळंल," एवढंच म्हणाल्या. पिंकीचा मुका घेतला आणि जिना उतरून गेल्या. राखीने त्यांना थांबवलं नाही. वाईट वाटत होतं, पण सुटल्यासारखंही वाटत होतं.

"आजी कधी येणार?" पिंकीने रडत विचारलं.

"तू बरी झालीस की."

राखीने हात धुतले, वरणभात कालवला, एकेक घास भरवला. पदराने लेकीचे डोळे पुसले, तोंड पुसलं. मग थोपटता थोपटता शक्य तितक्या गोड आवाजात तिने विचारलं, "पिंक्या, मी रागवणार नाही हं. आजी तुला गुपचूप पोळी द्यायची ना?"

पिंकीने नाही म्हणून मान हलवली. डोळे मिटत आले होते.

"आजीच्या लुगड्याला नुसता बाम लागतो," पदराचं टोक पुन्हा तोंडात घेत ती पुटपुटली. "पोळीची चव तुझ्याच पदराला येते, मम्मी."