कानातला वेल

अमेरिकेत सनीव्हेलला मण्यांचे दागिने करायला शिकवणाऱ्या आश्लेषाकाकूंची शिस्त कडक होती. नमुन्यातला एक मणी इकडचा तिकडे झाला तरी त्या दागिना पुन्हा ओवायला लावत. कानातल्यापासून केसांत खोचायचे मोत्यांचे वेल त्यांनी घरून करून आणायला सांगितले, तर मुलींनी आपापलं डोकं चालवलं. एकीने चष्म्याची साखळी केली होती. शरयूचा वेल तर भलताच आखूड, मोत्यांऐवजी निळे मणी आणि टोकाला रबराची कडी. "हे काय गं?" काकूंनी कात्री उचलली. कायम केस मोकळे सोडणाऱ्या शरयूने ते वर बांधले, कानामागचं श्रवणयंत्र कडीत अडकवलं आणि वेल केसांत खोचला. "आता ते पडत नाही, काकू. आणि मला हाइड पण नाही करायचं." काकूंनी कात्री ठेवून खुर्ची ओढली. "दुसऱ्या कानाचा आपण दोघी करू. कडी कशी बसवलीस, दाखव बघू."